पिवळ्या टोपीची हाक

पिवळ्या टोपीची हकिकत भिवंडीच्या गोदामपट्ट्यात तीन तऱ्हांनी सांगितली जाते आणि तिन्ही तऱ्हा खोट्या आहेत. कंपनीच्या प्रशिक्षणवर्गात सांगतात की ही कल्पना परदेशातल्या मुख्य कचेरीत जन्मली आणि विमानाने वडप्याला उतरली. हमालांच्या टोळीतले काही जुने गडी सांगतात की मुकादमाने काम बंद पाडण्याची धमकी दिली, गोदामाच्या व्यवस्थापक मॅडम घाबरल्या आणि टोपी देऊन मोकळ्या झाल्या. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर आमचे काही ज्येष्ठ ज्ञानी बसतात. त्यांची आवृत्ती सर्वांत चविष्ट आहे. त्यांच्या मते तो स्थानिक विरुद्ध परप्रांतीय असा झगडा होता आणि तो भोईरने, म्हणजे मी, दोन्हीकडच्या मानगुटी धरून मिटवला. या शेवटच्या आवृत्तीत माझा गौरव आहे. तरीही ती खोटी आहे, आणि खोट्या गौरवापेक्षा खरे भांडण मला केव्हाही अधिक प्रिय आहे.

त्या दिवशी मी तिथे उभा होतो. हे तिन्ही कथाकार नव्हते. एवढा अधिकार सांगून पुढे जातो.

माझे नाव हरिश्चंद्र भोईर. खाडीकाठच्या आगरी घरात जन्मलो, वडिलांच्या रेतीच्या होडीवर वाढलो आणि निवृत्त झालो तो वडप्याच्या एका परदेशी कंपनीच्या गोदामाचा पाळीप्रमुख म्हणून. मधला प्रवास सांगून वाचकांना छळण्याचा माझा विचार नाही. धंदा मात्र समजावून सांगितला पाहिजे, कारण गोदामाचे काम म्हणजे माल ठेवणे असा सुशिक्षितांचा ठाम गैरसमज आहे. माल ठेवायला अंगणही चालते! ठेवलेला माल मागितल्या क्षणी, मागितला तेवढाच आणि न फुटता दारात उभ्या असलेल्या ट्रकमध्ये चढवणे, हे गोदामाचे काम.

त्यासाठी रॅक असतात. रॅक म्हणजे तीन मजली घराएवढी उंच लोखंडी मांडणी: उभे खांब, खांबांना खाचा, खाचांत अडकवलेल्या आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर लाकडी पॅलेट आणि पॅलेटवर खोकी. ही पॅलेट उचलून वर ठेवते ती फोर्कलिफ्ट, पुढे दोन लोखंडी दात असलेली बुटकी गाडी. वळताना गाडीचा दात खांबाला निसटता लागला तरी खांब किंचित वाकतो. वाकलेला खांब पडेपर्यंत शांत उभा राहतो. तो स्वतः बोलत नाही. ज्याने पाहिले त्याने बोलावे लागते. आमच्या धंद्यातले सगळे मरण-जगणे या एका वाक्यात आहे, आणि माझी सारी हकिकतही.

कारण बोलायचे कुणी? आमच्या गोदामाची जमीन मूळची आसपासच्या आगरी गावांची, त्यामुळे फोर्कलिफ्ट चालवणारे बहुतेक त्याच गावांतले. माल चढवणारी-उतरवणारी टोळी पूर्वांचलातली, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या पूर्व टोकाची. माल तपासणारे भिवंडी शहरातल्या, पिढ्यान्‌पिढ्या यंत्रमाग चालवलेल्या मोमीन घरांतले. कुणबी कामगार वज्रेश्वरीकडून बसने येत. आगरी माणूस भांडल्यासारखा बोलतो आणि मुळीच भांडत नसतो. शहरातला तपासनीस चूक दाखवायची असेल तर आधी तुमच्या आईवडिलांची खुशाली विचारतो, मग मुलांची, आणि चुकीपर्यंत पोहोचेतो जेवणाची सुट्टी होते. पूर्वांचलातला हमाल मुकादमाला वगळून साहेबाशी बोलतच नाही. मुकादमाला ओलांडणे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याला ओलांडणे. आणि या सगळ्यांवर कंपनीने व्यवस्थापक म्हणून पाठवले कोणाला? हॉलंडच्या एका बाईंना, ज्यांच्या देशात मनात येते ते तोंडावर सांगणे हा शिष्टाचार आहे!

त्यांचे नाव आनेके. गोदामात दुसऱ्याच दिवशी त्यांची अनिका मॅडम झाली. उंच, सरळ, वेगात चालणाऱ्या. त्यांना उद्धट म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. बाई उद्धट नव्हत्या. त्या उघड बोलणाऱ्या होत्या. आम्हाला ती सवय नव्हती.

सकाळच्या सभेत त्या इंग्रजीत बोलत आणि मी हिंदीत उल्था करी. पहिल्याच आठवड्यात त्या डॉकवर, म्हणजे ट्रक लागतात त्या ओट्यावर, उभ्या राहून म्हणाल्या, "हे काम वाईट आहे." मी टोळीकडे वळलो आणि म्हणालो, "मैडम को आप लोगों की मेहनत मालूम है. गर्मी भी बहुत है. बस कल का माल ज़रा टेढ़ा लग गया, आज अपने हाथ की सफ़ाई दिखा दीजिए." टोळीने माना डोलावल्या आणि त्या दिवशी माल असा लागला की दृष्ट काढावी.

मॅडमनी संध्याकाळी मला गाठले. "मिस्टर भोईर, माझे वाक्य बोटभर होते. तुमचे हातभर झाले. मधले शब्द कुणाचे?"

"मधले शब्द ठाणे जिल्ह्याचे," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "मला ते नकोत. माणसांना खरे ऐकण्याचा हक्क आहे."

"खरेच सांगितले. फक्त नागडे पाठवले नाही."

याला कोणी लबाडी म्हणेल. मी याला अनुवाद म्हणतो आणि आजही माघार घेत नाही. पण बाईंची बाजूही सांगतो, कारण ती कमी वजनाची नव्हती. त्यांचे म्हणणे असे की या गोदामात प्रत्येकाला काहीतरी दिसते आणि कोणीच बोलत नाही, आणि एक दिवस ही शांतता कुणाच्या तरी डोक्यावर पडेल. हे त्यांनी मला पहिल्या महिन्यात ऐकवले होते.

म्हणून त्यांनी दारापाशी एक पेटी लावली. नाव न लिहिता तक्रार टाका, असे तीन भाषांत फर्मान. पंधरवड्याने पेटी उघडली तेव्हा मी शेजारी उभा होतो. आत निघाले काय? गुटख्याच्या पुड्यांचे कागद, वज्रेश्वरीच्या देवीचा प्रसाद आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या जयेशच्या बहिणीच्या हळदीचे, मॅडमच्या नावाने आमंत्रण. तक्रार एकही नाही! निनावी तक्रार म्हणजे चुगली, आणि चुगली करणाऱ्याला आमच्याकडे पाणीही कोणी विचारत नाही. ही गोष्ट बाईंना कोणी सांगितली नव्हती. बाई मात्र हळदीला गेल्या, आगरी बायकांत नाचल्या आणि पिवळ्याधमक होऊन परतल्या. अशा माणसाला उद्धट म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या शेजाऱ्याच्या हळदीला शेवटचे कधी गेलो ते आठवावे.

पेटी फसल्यावर त्या सकाळच्या सभेत थेट विचारू लागल्या: "काल कोणाला काही धोक्याचे दिसले?" रोज तीच शांतता. एके सकाळी मात्र पुढच्या रांगेतला रामदरस बोलला. रामदरस हा टोळीतला तिशीचा गडी, बलियाकडचा, अंगाने काटक, आणि कोणी प्रश्न विचारला तर उत्तर दिलेच पाहिजे अशा सरळ बुद्धीचा. तो म्हणाला, "मैडम, आख़िरी लाइन का खंभा टेढ़ा है. कल जयेश की गाड़ी लगी थी."

मॅडमनी खांब तपासला, तो खरोखर वाकला होता, त्याच दिवशी बदलला. इथपर्यंत सारे योग्य. दुसऱ्या दिवशी त्यांनी रामदरसला नाव घेऊन सर्वांसमोर बोलावले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, टाळ्या वाजवल्या, त्याला एक चांगली पाठपिशवी भेट दिली. आणि मग, जयेशला उगीच दडपण नको म्हणून, हसत हसत म्हणाल्या, "जयेशच्या गाडीचा धक्का लागला, त्यात लाज काही नाही. चुका सगळ्यांकडून होतात. रामदरसने जयेशची चूक सांगितली म्हणून आपण सुरक्षित आहोत."

त्यांच्या देशात हे औदार्य आहे. आमच्या डॉकवर ती चुगलीला दिलेली शाबासकी होती. मी अनुवाद करायला तोंड उघडले आणि आयुष्यात प्रथमच माझ्याकडे मधले शब्द नव्हते.

जयेश माझ्याच गावचा, नात्यातला. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यावर उसळला. "काका, दात लागला ता लागला, मी काय मुद्दाम केला? त्यानं मना सांगाचा! मी येकलाच जाऊन मॅडमला बोललू आसतू. सगल्यांदेखत माजा नाव कनाला?"

टपरीवरच्या ज्ञानी मंडळींनी इथेच आपली कथा रचली आहे: स्थानिक पोरे चिडली, परप्रांतीयाला धडा शिकवायला निघाली. साफ खोटे! जयेश दोन दिवस फुगला आणि तिसऱ्या दिवशी विसरला. आगरी राग तेवढाच टिकतो. रामदरसला वाळीत टाकले ते त्याच्या स्वतःच्या टोळीने.

टोळीचा मुकादम लालजी. पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा, गावाकडून प्रत्येक गड्याला हाताला धरून आणणारा माणूस. टोळीचा चहा एका मोठ्या किटलीतून येई आणि लालजी स्वतःच्या हाताने एकेकाचा पेला भरी. त्या दुपारी किटली रांगेने आली, रामदरसपाशी पोहोचली आणि त्याच्या पुढच्या माणसाकडे गेली. शब्द नाही, शिवी नाही. एवढेच.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एक पेला चहा तो काय! पण टोळी एकाच खोलीत राहते, एकाच चुलीवर जेवते. जड खोके दोघांनी उचलायचे असते. रामदरस एक बाजू धरून वाकला की दुसऱ्या बाजूला कोणी येईना. तो तसाच वाकून राही, मग हळूच हात काढून घेई. ज्याचे खोके कोणी धरत नाही त्याला टोळीत जागा नाही, आणि ज्याला टोळीत जागा नाही त्याला भिवंडीत जागा नाही. नवी कोरी पाठपिशवी त्याने एकदाही पाठीला लावली नाही.

एक दिवस तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "साहब, गाँव जा रहा हूँ."

"का?"

"मुकादम के सामने बोलना था, मैडम के सामने बोल दिया. अब क्या बचा?"

"अजून थोडा थांब," मी म्हणालो. कशासाठी थांब, ते मलाही ठाऊक नव्हते. पण संतापाने माझे डोके तापले होते आणि तापलेल्या डोक्याने मी आयुष्यात बरीच चांगली कामे केली आहेत. सरळ मॅडमच्या केबिनमध्ये शिरलो आणि त्यांच्याच पद्धतीने बोललो: बोटभर, नागडे.

"तुम्ही एका माणसाचे घर मोडलेत."

त्या उभ्या राहिल्या. "मी त्याचा सन्मान केला!"

"तुम्ही त्याला त्याच्या माणसांतून उचलून एकटा उभा केलात. आता तो एकटाच उभा आहे."

"मग तुमच्याकडे चूक सांगायचीच नाही का? खांब पडू द्यायचा?"

हा प्रश्न मला झोंबला, कारण तो रास्त होता. त्यातला 'तुमच्याकडे' हा शब्द त्याहून अधिक झोंबला. आमच्याकडे चूक सांगत नाहीत? माझ्या बापाच्या होडीवर? मी म्हणालो, "रविवारी माझ्याबरोबर खाडीवर चला. आमच्याकडे कसे सांगतात ते दाखवतो."

आमची खाडी ओहोटीला फसवी असते. काल जिथे पाणी, तिथे आज गाळाचा उंचवटा. म्हणून होडी परतताना एक माणूस नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बांबू घेऊन उभा राहतो. बांबू तळाला टेकवायचा आणि ओरडायचे. मागे सुकाणूवर बाप असो, आजा असो की होडीचा मालक, हाक आली की आधी वळायचे, मग विचारायचे. नाळेवर सगळे पाळीने उभे राहतात. तिथे उभ्या असलेल्या माणसाला वय नसते, नाते नसते. आणि होडी किनाऱ्याला लागली की ती हाक पुन्हा कोणी काढायची नाही. रागाने नाही आणि शाबासकी म्हणूनही नाही. ज्या आजोबांपुढे जमिनीवर मान वर करायची माझी छाती नव्हती, त्यांच्यावर मी नाळेवरून बेंबीच्या देठापासून ओरडलो आहे आणि उतरल्यावर त्यांच्याच शेजारी बसून मुकाट्याने भाकरी खाल्ली आहे.

हे सारे मी मॅडमना व्याख्यान देऊन सांगितले नाही. माझा चुलतभाऊ सुकाणूवर बसला आणि मी बांबू बाईंच्या हातात देऊन त्यांना नाळेवर उभे केले. थोडे अंतर गेल्यावर बांबू एकदम गाळात रुतला. बाई घाबरून आपल्या भाषेत काहीतरी किंचाळल्या. चुलतभावाने त्याच क्षणी होडी वळवली.

त्या चकित होऊन माझ्याकडे वळल्या. "त्याला डच येते?"

"त्याला धड हिंदीही येत नाही."

"मग तो वळला कसा?"

"तुम्ही नाळेवर आहात म्हणून."

बाईंनी बांबू पुन्हा तळाला टेकवून पाहिला. मग त्यांचा चेहरा जो उजळला, तो मला आजही दिसतो! परतीच्या वाटेवर आम्ही दोघे एकमेकांचे बोलणे तोडून बोलत होतो. गोदामात नाळ कुठली? जागा नको, खूण हवी. टोपी! पिवळी, दुरून दिसणारी. पाळीने एकाच्या डोक्यावर. टोपी असेपर्यंत त्याने कोणावरही ओरडावे, ऐकणाऱ्याने आधी थांबावे. टोपी उतरली की विषय संपला. कोणाचे नाव नाही, टाळ्या नाहीत, बक्षीस नाही. टाळ्या नाहीत हे बाईंना जड गेले, पण त्यांनी मानले. आणि एक अट त्यांनी घातली, जी मला सुचली नसती: "पाळीत मीही असणार. आणि ओरडण्यातून मला सूट नाही." मुख्य कचेरीत हे जन्मले म्हणणाऱ्यांनी त्या होडीत कोण कोण बसले होते, ते आधी मला सांगावे.

लालजीचे मन वळवायचे राहिले होते. त्याला केबिनमध्ये बोलावले असते तर तो आला असता, ऐकले असते, "जी" म्हणाला असता आणि काही केले नसते. म्हणून आम्हीच त्याच्या खोलीवर गेलो. मॅडम घडी केलेल्या गोधडीवर बसल्या, त्याच किटलीतला चहा प्यायल्या. रामदरस दाराशी बसला होता. त्याचा पेला रिकामा होता. मॅडमनी ते पाहिले. बोलल्या नाहीत. एवढ्या दिवसांत त्या तेवढे शिकल्या होत्या.

मी सगळे सांगून झाल्यावर लालजीने मिशीवरून हात फिरवला. "भोइर साहब, पहली टोपी किसके सर पर?"

"आपके."

"और दूसरी?"

मॅडमनी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला.

"मैडम पर भी चिल्ला सकते हैं?"

"ज़ोर से," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडचे हे पहिलेच हिंदी शब्द मी ऐकले.

लालजी इतका हसला की त्याला ठसका लागला. "तब ठीक है. चिल्लाएँगे." याला जे धमकी म्हणतात त्यांनी धमकी कधी पाहिलेली नाही. पण टोपीला तो हो म्हणाला, तरी रामदरसचा पेला रिकामाच राहिला. बाहेर पडताना मी रामदरसला म्हणालो, "तेरी पाली आने दे. उसके बाद जाना हो तो जा." त्याने मान हलवली. त्याचे सामान कोपऱ्यात बांधलेले मला दिसले.

टोपी सुरू झाली आणि गोदामाचा आवाजच बदलला! पहिल्या दिवशी लालजीने इतक्या हाका मारल्या की संध्याकाळी त्याचा घसा बसला. शहरातला एक तपासनीस, जो खुशाली विचारल्यावाचून शिंकतही नसे, टोपी डोक्यावर येताच वाघासारखा ओरडू लागला आणि टोपी काढली की पुन्हा "तबीयत कैसी है" म्हणत फिरू लागला. मॅडम फोनवर बोलत गाडीच्या वाटेत गेल्या तेव्हा त्यांच्यावर कुणबी कामगारांतल्या एका पोक्त बाईने अशी हाक टाकली की फोन हातातून पडला. मॅडम थांबल्या, मागे सरल्या, फोन उचलला. संध्याकाळी दोघी फाटकापर्यंत बरोबर चालत गेल्या. हाकेचे नावही नाही.

दिवाळीआधीची धांदल सुरू झाली. मिक्सर, कुकर, डब्यांचे संच. गोदाम छतापर्यंत भरलेले, दारात ट्रकांची रांग वळ गावच्या रस्त्यापर्यंत. आणि अशा दिवशी पाळी आली रामदरसची.

तो टोपी घालून मधल्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. जयेश गाडीवर होता. मिक्सरने लादलेले पॅलेट तो रॅकच्या दुसऱ्या मजल्यावर चढवत होता. रॅकच्या खाली, गल्लीत, मॅडम आणि लालजी कुठला माल आधी काढायचा यावर वाद घालत होते आणि मी त्यांच्या मधोमध उभा राहून दोघांचे शब्द इकडून तिकडे पोहोचवत होतो. जयेशने दात आणखी वर घेतले. त्याच्या पॅलेटचा माथा तिसऱ्या मजल्याच्या आडव्या पट्टीला खालून लागला होता. ते त्याला दिसणे शक्य नव्हते. पुढे खोक्यांची भिंत होती. आम्हाला दिसणे शक्य नव्हते. आम्ही थेट खाली होतो. पट्टी खाचेतून वर उचलली जात होती आणि तिच्यावर पॅलेटभर मिक्सर उभे होते. बाजूने पाहणाऱ्या एकट्या माणसाला ते दिसले.

"रुक!"

ती हाक मी विसरणार नाही. काटक अंगातून असा आवाज निघतो, हे मला ठाऊक नव्हते. जयेशचा हात दांड्यावर गोठला. लालजीचा एक पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. मॅडमचे वाक्य अर्ध्यावर तुटले. मी मात्र, कारण मी पाळीप्रमुख आणि बोलण्याची खोड जुनी, "काय झालं रे?" म्हणून तोंड उघडलेच.

"चुप! तीनों पीछे! दीवार तक!"

मी गप्प बसलो. आम्ही तिघे मागे सरत भिंतीला टेकलो.

"जयेश! हिलाना मत. ऊपर नहीं, नीचे नहीं. बंद कर. उलटी तरफ़ से उतर. धीरे."

जयेशच्या चेहऱ्यावर घाम चमकत होता. ज्या माणसाने सर्वांदेखत त्याचे नाव घेतले होते, तोच आता पुन्हा सर्वांदेखत त्याचे नाव घेत होता, आणि जयेश त्याच्या शब्दाशब्दावर हलत होता. त्याने गाडी बंद केली, पलीकडून उतरला, आमच्याकडे न पाहता गल्लीबाहेर चालत गेला. एक क्षण काहीच झाले नाही. मग पट्टी खाचेतून सुटली.

मिक्सरची खोकी कोसळली ती बरोबर आम्ही वाद घालत होतो त्या जागेवर. गाडीच्या छताचे लोखंड वाकले. धूळ उसळली, एक काचेचे भांडे गोल गोल फिरत माझ्या पायाशी येऊन थांबले. कोणाच्या नखालाही धक्का नव्हता!

मॅडम किंचाळल्या आणि पळाल्या, असे एका आवृत्तीत आहे. मी त्यांच्या शेजारी होतो. त्या पळाल्या नाहीत. त्यांनी रामदरसकडे पाहिले, त्यांचे डोळे भरले, तोंड उघडले, आणि मी मनात म्हटले, बाई, आता नाव घेऊ नका, टाळ्या वाजवू नका. त्यांनी ओठ घट्ट मिटले. रॅक दोरीने बंद करवून घेतला, सगळे सुरक्षित झाल्यावर झाडू उचलला आणि काचा गोळा करू लागल्या. कोणाला उघड धन्यवाद न देणे हे त्या बाईंनी आयुष्यात केलेले सर्वांत अवघड काम असावे.

चहाची किटली आली. लालजीने रांगेने पेले भरले. रामदरसपाशी आला. रामदरसने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि तो जमिनीकडे पाहत होता. लालजीने त्याचा पेला उचलला, काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला.

"ठंडी हो जाएगी. पी."

हाकेबद्दल एक अक्षर नाही. दुपारी रामदरस एका खोक्याशी वाकला तेव्हा दुसऱ्या बाजूला जयेश येऊन वाकला. फोर्कलिफ्टवाला हमालाचे खोके उचलत नाही. ते त्याचे काम नव्हे. त्या दिवशी त्याची गाडी मोडलेली होती, म्हणून उचलले असेल. मी विचारले नाही.

मॅडमची पुढे दुसऱ्या देशात बदली झाली. निघताना त्या मला म्हणाल्या, "तुमचे लांब अनुवाद मला आता कळतात. वाक्य जितके लांब होई, तितकी मी चुकलेली असे." माझ्या कामाची इतकी अचूक परीक्षा कोणी केली नाही. खंत एवढीच की त्यांच्यामागून आलेल्यांनी टोपीला मोठे इंग्रजी नाव दिले, भिंतीवर तिची चकचकीत चित्रे लावली आणि 'महिन्याचा उत्कृष्ट टोपीधारक' असा फोटोही लावू लागले. म्हणजे पुन्हा टाळ्या! गोदामातली माणसे शहाणी, ती फोटोखालून मुकाट जातात आणि पाळी आपल्या पद्धतीने लावतात.

अलीकडे कंपनीने मला पाहुणा म्हणून बोलावले. गोदामातच खुर्च्या मांडल्या होत्या. पलीकडच्या गल्लीत काम चालू होते. कोट घातलेला एक व्याख्याता पडद्यावर चित्रे दाखवत होता. मुख्य कचेरीतल्या तज्ज्ञांनी ही कल्पना कशी विकसित केली, हे तो माझ्यासमोर, मला, सांगत होता! मी ऐकून घेतले तितके घेतले. मग उठलो आणि ध्वनिक्षेपक त्याच्या हातातून काढून घेण्याच्या स्पष्ट हेतूने सरळ मंचाकडे निघालो. रागात पायाखाली पाहिले नाही.

"थांब!"

माझा पाय गाड्यांची वाट आखणाऱ्या, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यावर थबकला. समोरून, हातभर अंतरावरून, उलटी येणारी फोर्कलिफ्ट गेली. तिच्यावर रामदरस होता. आता तो गाडी चालवतो. आणि गल्लीच्या तोंडाशी टोपी घालून उभा होता जयेश, माझ्या गावचा, माझ्या नात्यातला, ज्याने जमिनीवर माझ्यापुढे आवाज चढवला तर त्याची आई त्याला घरात घेणार नाही.

मी उभा राहिलो. जयेशने हात खाली करेपर्यंत उभा राहिलो. तोवर व्याख्यात्याची खोटी हकिकत संपली आणि टाळ्या पडल्या.

नंतर जयेश टोपी काढून चहा घेऊन आला. "काका, घे, निवल." मी घेतला. त्याच्या बहिणीच्या पोरांची चौकशी केली. हाकेबद्दल तो बोलला नाही, मीही बोललो नाही.

व्याख्याता हसत जवळ आला. "सर, कार्यक्रम कसा वाटला?"

"हाक उत्तम होती," मी म्हणालो. "बाकी सगळे खोटे. बसा, सांगतो."